तळ्यात सोडलेला जिताडा

आमच्या ह्यांना पन्नाशीत निसर्ग सापडला. तोवर तो कुठे लपला होता देव जाणे. वरसे गावात आमच्या मागच्या दारातून डोंगर दिसतो, पुढच्या दारातून तेव्हा शेतं दिसायची, आणि पावसाळ्यात तर निसर्ग मोरीतून थेट घरात यायचा, गांडुळांसकट. त्याच्याकडे ह्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. पण कंपनीत पुण्याहून एक नवे साहेब आले, त्यांनी कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगितलं की माणसाने अधूनमधून निसर्गाच्या सान्निध्यात मुक्काम करायला हवा, आणि आमच्या ह्यांना ते एकदम पटलं. मी वीस वर्षं सांगत होते की संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला बाहेर पडा. ते कधी पटलं नव्हतं.

सान्निध्य ठरलं ते पाझर तलावाचं. घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. तलाव ग्रामपंचायतीचा, म्हणजे सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. एका बाजूला मातीचा बांध, बांधावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आणि पाटीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. म्हशी डुंबायच्या, बाया धुणं धुवायच्या, गणपतीत विसर्जन व्हायचं आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मागच्या वर्षीच्या मूर्तींचे न विरघळलेले हात चिखलातून वर यायचे. साहेबांनी मात्र त्याला ‘लेक’ म्हणायला सुरुवात केली. मग आमचे हेही लेकवर जायला लागले.

पहिल्या शनिवारी जी वरात निघाली ती बघायला आळीतली माणसं गॅलरीत आली होती. नारिंगी तंबू, घडीच्या खुर्च्या, त्यांच्या हातात पेला ठेवायला भोक, कोळशाची शेगडी, डासांचं मलम, मासे धरायला गळाच्या दांड्या, बर्फाची पेटी, आणि त्या पेटीत रोह्याच्या बाजारातून आणलेलं चिकन. मासे धरायला निघालेली माणसं बरोबर चिकन नेतात, यावरून त्यांचा स्वतःवर केवढा विश्वास होता ते समजावं. मी बालवाडी चालवते. माझी मुलं सहलीला निघाली की पाण्याची बाटली आणि एक जादा चड्डी एवढ्यात भागतं.

तंबू उभारायला ह्यांचे कंपनीतले सगळे मिळून झटले. त्यातले निम्मे इंजिनियर. तरीही तंबूचं दार पाण्याकडे व्हायचं ते करवंदीच्या जाळीकडे झालं. रात्रभर डासांनी फोडून काढलं आणि सकाळी ह्यांचा फोन, की गॅस संपलाय, पोहे आणि चहा घेऊन ये. तेव्हापासून तो रिवाजच पडला. शनिवारी हे निसर्गात जाणार आणि रविवारी सकाळी मी डबे घेऊन निसर्गात जाणार.

मासे धरायची त्यांची तऱ्हा तर सांगण्यासारखी. गळाला लावायला कणकेचे गोळे, आणि त्या कणकेत माझ्या कपाटातलं व्हॅनिला इसेन्स. वास आला की मासे येतात, असं साहेबांनी कुठेतरी पाहिलं होतं. कधीमधी हाताएवढी चिलापी लागायची. मग आरडाओरडा, मग मोबाईलवर फोटो, आणि मग ती चिलापी परत पाण्यात. धरायचा आणि सोडायचा, याला त्यांच्यात खेळभावना म्हणत. पलीकडच्या काठाला वाडीवरच्या कातकरी बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून लुगड्याने मासे धरायच्या. त्यांचं रात्रीचं कालवण त्यावर असायचं. ह्यांनी मासा सोडला की त्या एकमेकींकडे बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या.

याच सुमाराला माझा बाबा आमच्याकडे कायमचा राहायला आला. आमचं माहेर पेण तालुक्यात, खाडीकाठी. आम्ही आगरी. भाताची खारी जमीन, थोडं मिठागर, आणि दारासमोर छोटं तळं. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा मोठा बांध घातलेला असतो. आमचा बांध फुटला तो पुन्हा कुणी बांधला नाही. शेतात खारं पाणी शिरलं, भात गेलं, तळंही खारट झालं, आणि भाताच्या जागी चिपीची, म्हणजे खारफुटीची, झुडपं माजली. आई गेल्यावर बाबा त्या घरात एकटाच राहत होता. भरतीला पाणी ओट्यापर्यंत येऊ लागलं तेव्हा मी जाऊन त्याला घेऊन आले. आला तो रुसूनच आला. वरशाचं पाणी गोडं मिट्ट, भाकरी कोरडी, मासळीवाली लबाड, सगळ्यांत खोड.

मी त्याला एका रविवारी तलावावर नेलं. वाटलं, पाणी बघून जरा बरं वाटेल. बाबाने काठावर उभं राहून सगळा तलाव न्याहाळला, ह्यांच्या हातातली चिलापी बघितली आणि मला मोठ्याने विचारलं, “ह्याला मासली म्हंतान? ह्याच्यापरीस भेंडी बरी गो.”

हे हसले. हसून म्हणाले, “मामा, निदान दिसते तरी. तुमच्या जिताड्यासारखी नुसती ऐकायला तर नाही मिळत.”

हा टोमणा मी लग्नापासून ऐकत आलेय. त्याचं मूळ सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

आमच्याकडे घरोघरी तळ्यात जिताडा वाढवतात. पावसाळ्यात खाडीला जिताड्याची बोटाएवढी पिल्लं येतात, ती धरायची, हळूहळू गोड्या पाण्याची सवय करायची आणि दारच्या तळ्यात सोडायची. जिताडा गोड्या पाण्यात मजेत वाढतो, मात्र तिथे त्याला पिल्लं होत नाहीत. त्यासाठी त्याला खाडीच लागते. म्हणून तळ्यातला प्रत्येक जिताडा कुणीतरी हाताने आणून सोडलेला असतो. आम्ही पोरी परकराचा ओचा करून त्याला घालायला कोळंबी आणि बारीक मासळी धरायचो. दोन-तीन वर्षांनी तो मोठा झाला की तो कुणासाठी, हे ठरलेलं. एक तर जावई पहिल्यांदा घरी जेवायला आला की त्याच्यासाठी. नाही तर कचेरीतल्या साहेबासाठी, ज्याच्याकडे कामाचा कागद अडकलाय. घरची माणसं बाजारचे बोंबील खायची. एवढी खटपट करून वाढवलेला मासा जगातल्या दोन सगळ्यांत रिकामटेकड्या माणसांना घालायचा, ही आमची रीत.

माझं लग्न मी स्वतः जमवलं. हे घाटावरचे, जात वेगळी, मासा म्हणजे काट्यांची कटकट असं समजणाऱ्या घरातले. गावाने तोंडं वाकडी केली. बाबाने नाही केली. भावकीला तोंडावर म्हणाला, “जावय तो जावय. त्याच्या ताटान जिताडा परनार.” त्या वर्षी तळ्यात एकच मोठा जिताडा होता. आणि हे पहिल्यांदा जेवायला येणार त्याच्या आदल्या दिवशी बांधाची पाहणी करायला सरकारी साहेब आले. बांधाला तेव्हाच भेगा पडल्या होत्या. गावातल्या जाणत्या लोकांनी बाबाला गळ घातली, साहेबाला दे, सगळ्यांचा बांध आहे. बाबाने दिला. साहेबाने खाल्ला, ढेकर दिली, जीपमध्ये बसला आणि गेला. बांध होता तसाच राहिला आणि पुढे फुटला. ह्यांच्या पानात दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारातला हलवा मासा पडला. आख्ख्या गावासमोर शब्द दिलेला होता, तो गेला.

हे तेव्हा काही बोलले नाहीत. बोलायला मागाहून सुचलं, आणि मग वीस वर्षं तेवढंच सुचत राहिलं. दिवाळीला बाबा फराळ घेऊन आला की, “मामा, पिशवीत जिताडा दिसतोय!” बाबा हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा, आणि ह्यांना ते हसणं आहे एवढंच दिसायचं.

तर त्या रविवारी तलावावरून निघण्याआधी बाबाने काठाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखून बघितलं. पुढच्या पावसाळ्यात म्हणाला, गावी देवाला जाऊन येतो. मी म्हटलं जा. दोन दिवसांनी आला तो झाकण घातलेली बादली छातीशी धरून. पेणला पॅसेंजर गाडी पकडली, सगळ्या वाटेने बादली मांडीवर, आणि प्रत्येक स्टेशनात उतरून नळाचं गोडं पाणी ओंजळीओंजळीने आत घातलेलं. शेजारच्या बाईने काय आहे म्हणून विचारलं, तर तीर्थ आहे म्हणाला. तिने पदर पुढे घेऊन बादलीला नमस्कार केला म्हणे. आत जिताड्याची पिल्लं होती, चांगली ओंजळभर.

“बाबा, हे कुठे ठेवणार तू? आपल्याकडे तळं कुठाय?”

“हाय की. त्या तंबूवाल्या बावल्यांचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तलावावर गेलो. मी छत्री धरली, बाबाने उकिडवं बसून बादली तिरपी केली. पिल्लं थोडा वेळ काठाशीच थबकली आणि मग दिसेनाशी झाली. बाबा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “मराचे आदी जावयाचे ताटान माजे हातचा जिताडा घालाचाय मना. मंग मी मोकला.” त्याला एवढंच हवं होतं. न घर मागितलं त्याने, न औषध. जावयाच्या पानात एक मासा पडायला हवा होता, आणि जावई कोण, तर माझे हे.

सांगून पाहिलं मी. म्हटलं, सार्वजनिक तलाव आहे, कुणीही गळ टाकेल, तुझाच हक्क कसा? म्हणाला, “नशिबान असंल त्याचे हातान येल.” म्हटलं, जिताडा मिळेल त्याला खातो, वाडीवरच्या बायांची मासळी खाऊन टाकेल. यावर म्हणाला, “मोटी मासली ल्हानीला खातेच, त्यान काय नवा?” बाबा माझा असला तरी एवढं सांगते, की त्या वेळी तो मला त्या जीपमधल्या साहेबापेक्षा फार वेगळा वाटला नाही.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या वर्षापासून तलावातली बारीक मासळी कमी व्हायला लागली. कातकरी बाया काही दिवस आल्या आणि मग पलीकडच्या ओढ्याला जाऊ लागल्या. ह्यांच्या गळाला चिलापी लागेना. मग काठावर खुर्च्या मांडून परिसंवाद सुरू झाले. साहेब म्हणाले, प्रदूषण. असं तोंड वर करून सांगणारा माणूस आठवडाभर केमिकलच्या कंपनीत बसायचा आणि संध्याकाळी तिकडून वारा सुटला की अख्खं गाव नाकाला रुमाल लावायचं. दुसरा कुणी म्हणाला, हवामान बदललंय. हे म्हणाले, इसेन्सचा ब्रँड बदलून बघू. बाबा जरा लांब दगडावर बसलेला असायचा. तो एवढा खूश व्हायचा की मला त्याला कोपराने ढोसावं लागायचं.

पण बाबाही काही कमी नव्हता. तो जिताड्यासाठी गळ टाकायचा तो भरतीची वेळ बघून. खाडीत मासळी भरतीबरोबर आत येते, म्हणून खाडीकाठचा माणूस तिथीवरून भरतीची वेळ काढतो आणि त्याप्रमाणे जाळं टाकतो. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा मासळी भरपूर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर नाही, तेव्हा घरी झोपायचं. हे सगळं खाडीला ठीक. पण पाझर तलावाला कसली आली भरती? त्या पाण्याला एक तर पाऊस वाढवतो नाही तर ऊन आटवतं. मी हे बाबाला सांगितलं, समजावलं, ओरडून सांगितलं. “तुना काय कलतं गो,” म्हणून तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी बघायचा, बोटांवर हिशोब करायचा, आणि भर उन्हात ‘आता भरती लागंल’ म्हणत छत्री घेऊन निघायचा. अष्टमीला तर हात लावायचा नाही. त्याच्याकडे सगळं होतं, जिवंत कोळंबी होती, हातातली दोरी होती, जन्मभराची सवय होती, आणि एक जिताडा म्हणून लागला नाही. कधीतरी खोल पाण्यात शेपटीचा दणका ऐकू यायचा. तेवढ्यावर तो आठवडाभर खूश असायचा.

तिसऱ्या वर्षी त्याला दम लागायला लागला. बांधाची चढण चढताना मध्येच बसायचा आणि गवताच्या काड्या तोडत असल्याचं सोंग करायचा. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. घरी येताना रिक्षात मला म्हणाला, “यंदा नाय गावला त मी नाय बगाचा गो, बाय.” मी त्याला रागावले, काहीतरी अभद्र बोलू नकोस म्हणाले. पण ते मलाही दिसत होतं.

मग तो रविवार आला. मी नेहमीप्रमाणे डबे घेऊन निघाले. बाबाला म्हटलं चल, तर म्हणाला आज अष्टमी, भांग, आज काय मिळणार? मी म्हटलं, पोहे मिळतील, चल. आला बिचारा.

तंबूपाशी नेहमीचंच चाललं होतं. साहेब खुर्चीत, गळ्यात कॅमेरा. आमचे हे पाण्याशी उभे, डोक्याला टोपी, टोपीला गळ टोचलेले, आणि दांडीला साहेबांनी दिलेला हिरवा चमचमता प्लॅस्टिकचा मासा. तो खेळण्यातला मासा ह्यांनी पाण्यात फेकला, तो भलतीकडेच पडला, दोर झुडपाला अडकला म्हणून ह्यांनी झटका दिला, आणि त्याच वेळी पाणी फुटल्यासारखं झालं. दांडी वाकली. हे ओरडायला लागले, “साहेब, साहेब!” सगळे धावले. एकाने ह्यांना कमरेला धरलं, दुसऱ्याने दांडी. अशी ओढाताण मी बालवाडीतही पाहिलेली नाही. शेवटी सगळे मिळून चिखलात बसले आणि मासा काठावर आला.

रुपेरी पाठ, गोल शेपूट, उन्हात लाल चमकणारे डोळे. जिताडा. दिवसाढवळ्या, अष्टमीला, प्लॅस्टिकला.

बाबा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझं मनगट घट्ट धरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनी निकाल दिला, “कटला जातीचा आहे! केवढा मोठा!” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काही बोलणार, तर बाबाने मनगट दाबलं. हळूच म्हणाला, “बोलू नुको. जावयाचे हातान आलाय. घरी नेवंदे, ताट वारू, तवा सांगू.” आणि पुढे होऊन ह्यांना म्हणाला, “जावयबापू, घरा चला मासली घेवन. बाय कालवन करल.”

“घरी काय मामा! इथेच करायचा, ताजा ताजा,” हे म्हणाले.

“आज सोडायचा नाही हं,” साहेब म्हणाले. खेळभावना तेवढ्यापुरती संपली. कुणीतरी सुरी आणली. खवले नीट काढलेच नाहीत. साहेबांनी मुंडी धरली, कापली आणि मागे न बघता काठावरच्या कुत्र्याकडे फेकली.

जिताड्याची मुंडी म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी सांगायचं? जिताडा वाढला की मुंडी मानाच्या माणसाच्या पानात जाते. गालफडातलं मांस लोण्यासारखं, आणि डोळ्यामागचा भाग तर लोक नुसता चोखून खातात. बाकीचा मासा उरलेल्यांना. जावयाला जिताडा वाढणं म्हणजे खरं तर मुंडी वाढणं.

बांध चढताना धापा टाकणारा माझा बाबा त्या कुत्र्यावर असा धावला की मी डबे टाकून त्याच्या मागे पळाले. त्याने चप्पल भिरकावली, कुत्रा मुंडी टाकून पळाला, आणि बाबाने ती उचलून पाण्यात धुतली. माती काढली, पुन्हा धुतली, आणि खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळली. मागे सगळे हसत होते. “काका, अहो डोकं काय करणार? मांजर पाळलंय का?” आमचे हेही हसत होते. आयुष्यात काही वेळा मला माझ्या नवऱ्याची कीव आली आहे आणि काही वेळा राग. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

उरलेल्या माशाला त्यांनी तंदुरी मसाला आणि बाटलीतला कसलासा लाल सॉस फासला. बाहेरून कोळसा झाला, आत कच्चा राहिला. कागदाच्या ताटल्यांतून सगळ्यांनी चिवडला. “मऊ आहे, पण जरा वास येतोय,” असं हे म्हणाले. निम्मा तसाच टाकला. मग चिकन बाहेर काढलं.

आम्ही दोघं रिक्षाने घरी आलो. वाटभर मुंडी बाबाच्या मांडीवर होती. मी मसाला वाटला. आलं, लसूण, कोथिंबीर, आगरी मसाला, कोकम. मुंडी तशीच अख्खी सोडली. घरभर जो वास सुटला तो मला लहानपणचा माहीत होता, दुसऱ्यांची पानं वाढताना यायचा तो. तांदळाची भाकरी भाजली. बाबाने पाट मांडला, पाटासमोर रांगोळीचं बोट ओढलं आणि स्वतः धुतलेलं धोतर नेसून ह्यांची वाट बघत ओट्यावर बसला.

हे चारच्या सुमाराला आले, तोंड उन्हाने लाल, अंगाला धुराचा वास. बाबा उठून म्हणाला, “जावयबापू, हात धुवा. बसा.” हे गोंधळले, पण बसले. बाबाने, ज्याने जन्मात कुणाच्या पानात मीठ वाढलं नव्हतं, स्वतःच्या हाताने ताट आणून ठेवलं. मध्ये मुंडी, भोवती लाल रस्सा. मग समोर बसला आणि सगळं सांगितलं. साहेबाची जीप, बाजारातला हलवा, बादली, गाडी, तलाव, सगळं. सांगताना त्याला दम लागत होता. शेवटी म्हणाला, “तुमी धरलाव तो कटला नवता. माजा जिताडा होता. तुमच्यासाटी सोरलेला. मुंडी तेवडी ऱ्हायलीय. खावा.”

हे ताटाकडे बघत राहिले. मुंडी ह्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. वीस वर्षं टोमणे मारले, त्यांचं काहीतरी होईल. निदान एक घास तोंडात घालेल.

“अरेच्चा,” हे म्हणाले आणि खदखदून हसले. “म्हणजे आम्ही सकाळी खाल्ला तो जिताडाच होता! झालं की मग, मामा. फिटलं तुमचं.” मग ताट जरासं पुढे सरकवलं. “हे डोकंबिकं मला नाही जमायचं हो. डोळे बघा कसे. आणि पोट फुटेस्तोवर चिकन झालंय.” उठले, मोरीवर चूळ भरली, आणि आतल्या खोलीत जाऊन पंखा लावून झोपले. वाईट हेतूने काही नाही. हेतू असायला माणसाला समोरचं दिसावं लागतं.

बाबा बसून राहिला. रश्श्यावर साय धरली. त्याने कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कपाळावर हात मारला नाही. मी उभीच होते, हातात भाकरीची टोपली. आतून घोरण्याचा आवाज यायला लागला तेव्हा बाबाने मान वर केली आणि मी त्या खोलीत आत्ताच आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग ताट उचललं, पाट माझ्याकडे ओढला, आणि ताट पाटासमोर ठेवलं.

“बस.”

“बाबा, ते जावयाचं ताट आहे.”

“बस सांगतंय ना.”

मी बसले. आमच्या घरात मुंडी कधी पोरीच्या ताटात पडली नव्हती. आईच्याही नाही. आम्ही कोळंब्या धरायच्या, खवले काढायचे, मसाला वाटायचा, पानं वाढायची आणि मागून भांड्याला लागलेला रस्सा भाकरीने पुसून खायचा. माझ्या बोटांना मुंडी कुठून फोडायची हेसुद्धा कळेना. बाबाने हात पुढे करून गालफड सोडवून दिलं. ते खाल्लं. मग दुसरं. डोळे खाल्ले, डोळ्यामागचं चोखलं, हाडं फोडून आतलं खाल्लं. एवढं चांगलं मी कधी काही खाल्लं नव्हतं, आणि एवढी वर्षं ते कुणाकुणाच्या घशात गेलं हे आठवून मला दर घासाला संताप येत होता. पण मी थांबले नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी खात होते.

ताटात नुसती हाडं उरली. बाबाने एक हाड उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

“कोनाकोनाला घातला गो मी,” तो म्हणाला. “तुना कदी नाय.”